द्रुत फाटते तेव्हा: टर्नटेबलची कार्ट्रिज बसवण्याची माझी रीत

गेल्या दिवाळीनंतर केजचे एक निवृत्त गुरुजी चादरीत गुंडाळलेलं टर्नटेबल घेऊन माझ्या दुकानात आले. मी अंबाजोगाईचा सोनार. मंडी बाजारात आमची तिसऱ्या पिढीची पेढी आहे. आजोबांनी ती मांडली तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि गावाला मोमिनाबाद म्हणत. गुरुजींनी यंत्र काउंटरवर ठेवलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, “शेठ, विलंबित गोड लागतंय बघा. पण द्रुत आली की बुवाचा आवाज फाटायलाय. तबल्याच्या जागी कुणी पत्रा बडवायलंय असं वाटतं. रेकॉर्ड गेली का काय?”

मी रेकॉर्ड भिंगाखाली धरली. खाचा स्वच्छ होत्या. “गुरुजी, रेकॉर्डला काही झालेलं नाही,” मी म्हणालो, “सुई वाकडी बसलीय.”

सोनाराकडे हे काम कशाला, असं कुणालाही वाटेल. वडलांना ख्यालाचा नाद होता. दीडशेच्या वर एलपी ते मागे ठेवून गेले. त्या नीट वाजाव्यात म्हणून मी कार्ट्रिज, म्हणजे टर्नटेबलच्या दांडीच्या टोकाचा सुई धरणारा छोटा ठोकळा, बसवायला शिकत गेलो. शिकताना कळलं की लागणारी सगळी हत्यारं माझ्या बाकावर आधीपासून आहेत: ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, दहापट भिंग, बारीक चिमटे, व्हर्नियर. आता आजूबाजूच्या गावांतून लोक यंत्रं घेऊन येतात. प्रत्येकाला मी हे करून दाखवतो, कारण घरी दुसऱ्यांदा त्यांनाच करावं लागतं. तेच इथं लिहितोय.

आवाज शेवटीच का फाटतो, हे आधी समजून घ्या. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगानं फिरणाऱ्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला सुईखालून दर सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते. आतल्या शेवटच्या खाचेत हाच आकडा २१ वर येतो. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. आणि आपला ख्याल चालतो उलटा. प्रशस्त जागा असते तिथं संथ विलंबित आणि जागा आवळत जाते तिथं वेगवान द्रुत, ताना, तबल्याचे जलद बोल. वीस मिनिटांच्या बाजूतली शेवटची पाच-सहा मिनिटं सुईची खरी परीक्षा घेतात. सोनं खरं की खोटं हे आम्ही कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून बघतो. रेकॉर्डचा आतला शेवटचा इंच हा माझा तसाच दगड. खाली जे जे सांगतो ते बरोबर झालं की नाही, ते तिथंच कळतं.

दुसरं कारण कोनाचं. रेकॉर्ड कोरणारं यंत्र त्रिज्येवरून सरळ रेषेत आत सरकतं. आपल्या घरचा आर्म, म्हणजे सुई वाहणारी दांडी, मात्र एका टोकाला खिळलेला, तो कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेला अगदी सरळ असते ती सबंध रेकॉर्डवर फक्त दोन ठिकाणी. बाकी सगळीकडे थोडी तिरपी. ही दोन ठिकाणं कुठं ठेवायची, हे आपल्या हातात असतं. कार्ट्रिज पुढेमागे सरकवायची आणि किंचित वळवायची, एवढ्यावर सगळा खेळ आहे.

जागा आणि जोडणी

यंत्र हलणार नाही अशा जागी ठेवा. माझं भिंतीत बसवलेल्या कडप्प्यावर आहे. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशीवर टेबल ठेवलं की कुणी चाललं तरी सुई थरथरायची. थाळीवर गवंड्याची छोटी पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पाणी मध्यावर आणा. थाळी कलती असेल तर आर्म उताराकडे ओढला जातो आणि पुढचं प्रत्येक माप चुकतं.

हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा कार्ट्रिज अडकवायचा भाग, आर्मपासून वेगळं होत असेल तर काढून टेबलावर घ्या. खाली पांढरं फडकं पसरा, म्हणजे पडलेला स्क्रू सापडतो. सुईवरचं प्लास्टिकचं झाकण लावलेलंच ठेवा. चिमटा पितळेचा वापरा. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं आणि पोलादी चिमटा तिच्याकडे असा झेपावतो की हातातून निसटून नेमका सुईवर जातो.

चार बारीक तारा असतात. पांढरी डाव्या बाजूची, निळी तिची परतीची. तांबडी उजव्या बाजूची, हिरवी तिची परतीची. कार्ट्रिजच्या मागच्या पिनांवर त्याच रंगांच्या खुणा असतात. तार धरून ओढू नका, टोकाची पितळी टोपी चिमट्यात धरून सरकवा. टोपी सैल असेल तर आत टाचणी घालून हलकेच दाबून आवळा.

इथं माझी एक चूक सांगतो. डाक देणं, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधणं, हे आमचं रोजचं काम. सुरुवातीच्या काळात एक टोपी तुटली म्हणून मी तार सरळ कार्ट्रिजच्या पिनेवर डाक देऊन जोडली. सांधा सुरेख झाला, पण उजवी बाजू कायमची मुकी झाली. पिनेतून उष्णता आत गेली की केसाहून बारीक तारेची गुंडाळी तुटते. टोपीला डाक द्यायचा असेल तर ती पिनेवरून काढून, बाजूला घेऊन द्या.

एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या तरी आवाज येतोच, म्हणून चूक पटकन लक्षात येत नाही. खर्ज पातळ होतो आणि गाणारा समोर बसल्यासारखा वाटत नाही, दोन्हीकडे विखुरतो. जुनी मोनो रेकॉर्ड लावा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध आला तर जोडणी ठीक.

कार्ट्रिजचे दोन स्क्रू अर्ध्या इंचावर, म्हणजे १२.७ मिलिमीटरवर असतात आणि साधारण २.५ मिलिमीटर जाडीचे. आत्ता ते नुसते टेकवा. कार्ट्रिज बोटानं सरकेल पण आपोआप घसरणार नाही, इतकेच.

वजन

माझ्या धंद्याचा आणि या कामाचा सांधा इथं जुळतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गुरुजींकडे ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम ९५ ई कार्ट्रिज होती. सुरुवात करणाऱ्याला मीही बहुधा हीच सुचवतो. तिला कंपनीनं १.८ ते २.२ ग्रॅम वजन, म्हणजे सुईनं खाचेवर द्यायचा दाब, सांगितलंय आणि मधलं २ ग्रॅम धरायचं. ऑर्टोफॉनच्या टू एम रेडला १.८ ग्रॅम. स्वस्त यंत्रांवर येणाऱ्या ऑडिओ-टेक्निकाच्याच ३६०० एलला ३ ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक कार्ट्रिजचा आकडा वेगळा, तिच्या कागदावर छापलेला असतो. दोन ग्रॅम म्हणजे आमच्या जुन्या मापात दोन मासे आणि वर अर्धी गुंज. एवढ्या वजनासाठी गिऱ्हाईक माझ्यासमोर तासभर घासाघीस करतं, आणि इथं लोक अंदाजानं वजन लावतात.

गुरुजींनी सुई १.२ वर ठेवली होती. म्हणाले, “रेकॉर्ड झिजू नये म्हणून हलकी ठेवलीय.” त्यांच्या मनात रेकॉर्डची माया होती, पण हा समज रेकॉर्डला मारतो. वजन कमी पडलं की सुई खाचेत टेकून राहत नाही. जोराची तान आली की ती एका भिंतीवरून उडते आणि परत आपटते. हिऱ्याचं टोक आणि मऊ प्लास्टिक, प्रत्येक आपटीत भिंतीचा कण उडतो. तो आवाज मग कायमचा रेकॉर्डमध्ये राहतो. ठरलेल्या मर्यादेत थोडं जड हे हलक्यापेक्षा केव्हाही बरं. गुरुजींची सुई मी २ वर आणली आणि अर्धी तक्रार तिथंच मिटली.

वजन असं लावा. अँटी-स्केटिंगची चकती (सुईची आतली ओढ रोखणारी, तिच्याबद्दल पुढे) शून्यावर. सुईचं झाकण काढा, आर्म थाळीच्या बाहेर मोकळा धरा आणि मागचं वजन फिरवत फिरवत आर्म आडवा, अधांतरी तरंगेल असं करा. काट्याच्या दोन्ही बाजू समतोल होतात, तसं. आता मागचं वजन न हलवता त्याच्यावरची आकड्यांची कडी तेवढी शून्यावर फिरवा. मग वजन आणि कडी दोन्ही मिळून २ पर्यंत पुढे न्या. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांचं काम इतक्यावर भागतं, पण कडीवरच्या आकड्यात पाव ग्रॅमपर्यंतचा फरक मी स्वतः मोजलाय. काटा आता स्वस्त झालाय. घ्याच.

सोनाराच्या काट्यानं मोजताना मात्र दोन अडचणी येतात. काट्याची ताटली रेकॉर्डच्या पातळीपेक्षा बोटभर उंच असते. तिथं सुई टेकवली की आर्म वर उचललेला राहतो आणि काही आर्मवर आकडा बदलतो. दुसरी अडचण लपलेली आहे. काट्याच्या पोटात, ताटलीखाली, लोखंडी भाग असतात. कार्ट्रिजमधलं चुंबक त्यांच्याकडे ओढलं जातं आणि ती ओढ वजनात मिसळते. काटा २.० दाखवतो, खरं वजन त्याहून कमी असतं. वर्षभर मी असं चुकीचं वजन लावत होतो. सोनं तोलणाऱ्या काट्यावर संशय घ्यावा हे मनातच आलं नाही.

उपाय म्हणून मी अर्धा मिलिमीटर जाड पितळी पट्टी दोनदा काटकोनात वाकवली, जिन्याच्या पायरीसारखी. वरचं टोक ताटलीवर, खालचं टोक काट्याच्या अंगाबाहेर, रेकॉर्डच्या पातळीला लोंबतं. पट्टी ठेवून काटा शून्य करायचा. मग खालच्या टोकावर २ ग्रॅमचं माप ठेवून आकडा बरोबर २.०० येतो का ते पाहायचं, कारण कडेला वजन आलं की काही काटे चुकतात. बरोबर आला तरच सुई तिथं टेकवायची. मोटार बंद आणि थाळी स्थिर हवी. पितळ मिळत नसेल तर अॅल्युमिनियमची पट्टी चालते. पत्र्याच्या डब्याची चालणार नाही, तो लोखंडाचा असतो.

दोन बिंदू

आता कोन. सुई कुठल्या दोन जागी सरळ यावी, याचं गणित लोफग्रेन नावाच्या संशोधकानं १९३८ साली मांडलं, बेअरवाल्ड नावाच्या दुसऱ्यानं १९४१ मध्ये तेच उत्तर मांडलं. मोठ्या एलपीसाठी ते बिंदू मधल्या खुंटीच्या केंद्रापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. स्टीव्हन्सनची वेगळी रीत आहे, ती आतला बिंदू अगदी शेवटच्या खाचेवर, ६०.३ वर ठेवते. ज्यांच्याकडे मुख्यतः भावगीतांच्या छोट्या ईपी आहेत त्यांना मी स्टीव्हन्सन लावून देतो, कारण ईपीचं गाणं आतच वाजतं. ख्यालासाठी माझं मत बेअरवाल्ड. हिशेब साधा आहे. वीस मिनिटांची बाजू ८६ मिलिमीटरवर पसरली तर मिनिटाला सव्वाचार मिलिमीटर जातात. म्हणजे द्रुतची शेवटची पाच-सहा मिनिटं साधारण ८५ ते ६० च्या पट्ट्यात येतात आणि ६६ चा बिंदू नेमका त्या पट्ट्यात पडतो. ताना सुरू असताना सुई सरळच्या जवळ राहते, अखेरचं मिनिट-दीड मिनिट तेवढं निसटतं.

यासाठी मापाचा कागद लागतो. इंटरनेटवर छापायला तयार मिळतो, पण छापताना सांभाळा. इथल्या झेरॉक्सच्या दुकानात मला मिळालेला कागद मी व्हर्नियरनं मोजला तर १२०.९ च्या जागी ११७ भरले. कॉम्प्युटरनं पानात मावावं म्हणून चित्र आपणहून लहान केलं होतं. छापताना शंभर टक्के माप मागा आणि घरी पट्टीनं मोजल्याशिवाय वापरू नका.

मी स्वतः पातळ अॅक्रिलिक आरशावर आखून घेतलंय. अवघड नाही. खुंटीवर अजिबात न डुगडुगता बसेल एवढं भोक पाडायचं. त्याच्या केंद्रातून एक सरळ रेषा. तिच्यावर ६६.० आणि १२०.९ वर दोन बारीक टिंबं. प्रत्येक टिंबातून त्या रेषेला काटकोनात दुसरी रेषा, आणि तिला समांतर दोन्हीकडे काही रेघा. आरसा यासाठी की सुईची काडी आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत आणलं की डोळा फसत नाही. कागदावर वरून बघताना डोकं थोडं हललं की मिलिमीटर इकडेतिकडे होतो, आणि इथं अर्धा मिलिमीटरसुद्धा कानाला कळतो.

आरसा खुंटीत घाला. जाडी रेकॉर्डएवढी असेल तर उत्तम. बाहेरच्या, १२०.९ च्या टिंबावर सुई अलगद टेकवा. एका भिंगातून, एक डोळा मिटून बघा. कार्ट्रिजच्या चौकोनी अंगाकडे बघू नका. तिच्या पुढच्या टोकाला जी बारीक काडी असते, जिच्या टोकाला हिरा बसवलाय, ती त्या काटकोनातल्या रेषेवर पडली पाहिजे. काही कार्ट्रिजमध्ये काडी अंगाच्या मानानं थोडी तिरपी बसलेली येते. अंग सरळ करून काडी तिरपी ठेवली तर केलेलं सगळं वाया. काडी रेषेवर येईपर्यंत कार्ट्रिज हळूच वळवा. दर वेळी आर्म उचलून वळवायचं, सुई टेकलेली असताना कधीच नाही.

आता आरसा फिरवून आतल्या, ६६ च्या टिंबावर सुई आणा. इथंही काडी रेषेवर असेल तर काम झालं. पहिल्या फेरीत असं होत नाही. कार्ट्रिजचं नाक खुंटीकडे वळलेलं दिसलं तर सुई आर्मच्या मुळाच्या फार जवळ आहे, कार्ट्रिज थोडी पुढे सरकवा. नाक खुंटीपासून लांब, बाहेर वळलेलं दिसलं तर मागे घ्या. सरकवणं अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरनं. मग पुन्हा बाहेरच्या टिंबावर जाऊन वळण सरळ करा, पुन्हा आत तपासा. चार-पाच फेऱ्या होतात. गुरुजींच्या यंत्रावर मला सहा लागल्या, कारण कार्ट्रिज अगदी मागे ढकललेली होती. पहिल्यांदा करणाऱ्याला तास-दीड तास लागेल. घाई असेल त्या दिवशी हे काम हातात घेऊ नका.

दोन्ही टिंबांवर काडी बसली की स्क्रू आवळायचे. इथं बहुतेकांचं काम बिघडतं. एक स्क्रू पूर्ण आवळला की कार्ट्रिज त्याच्याभोवती फिरते. म्हणून पाव वेढा याला, पाव वेढा त्याला. स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत धरायचा, मनगट वापरायचं नाही. आवळून झाल्यावर दोन्ही टिंबं पुन्हा तपासा. आणि कार्ट्रिज पुढेमागे सरकली म्हणजे वजनही बदललं. काट्यावर परत जा. मी अख्खी फेरी दोनदा करतो: वजन, कोन, वजन, कोन.

टेक्निक्सच्या एसएल १२०० जातीच्या यंत्रांची सोपी वाट आहे. त्यांच्या कारखान्याच्या मापाप्रमाणे हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर ठेवायचे. हे माप बेअरवाल्डपेक्षा वेगळं आहे. त्याच आर्मवर बेअरवाल्ड लावायचं तर कार्ट्रिज पावणेतीन-तीन मिलिमीटर पुढे जाते आणि किंचित आत वळते. कुठलंही एक धरा, पण अर्धं हे आणि अर्धं ते करू नका.

उरलेली मापं

समोरून बघा. सुई आरशावर टेकवली की कार्ट्रिज आणि तिचं प्रतिबिंब मिळून एक उभी सरळ आकृती दिसली पाहिजे. मधे मोडल्यासारखी दिसली तर हेडशेल एका अंगावर कललंय. सुटणारं हेडशेल असेल तर सांध्याची कडी सैल करून केसभर फिरवता येतं. नाहीतर एका स्क्रूखाली बारीक वॉशर. कलतं राहिलं तर डावा-उजवा आवाज एकमेकांत मिसळतो.

बाजूनं बघा. रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना आर्म रेकॉर्डला समांतर हवा. मागचा भाग खाली असेल तर आवाज मंद होतो, वर असेल तर चरचरीत. पुष्कळ यंत्रांत उंची बदलायची सोयच नसते, तिथं थाळीवरची मॅट जाड किंवा पातळ करून भागतं. याच्यावर लोक महिने घालवतात. माझा अनुभव असा की वजन आणि दोन बिंदू चुकलेले असताना उंचीशी खेळणं म्हणजे तापाला वारा घालणं. डोळ्याला समांतर दिसलं की पुढे चला.

अँटी-स्केटिंग मात्र कानानं लावायची गोष्ट आहे. हेडशेल आर्मला आत वळवलेलं असतं, त्यामुळे खाचेतल्या घर्षणानं सुई सतत खुंटीकडे ओढली जाते. ती आतल्या भिंतीवर जास्त टेकते, बाहेरची भिंत मोकळी पडते. आतल्या भिंतीवर डावा आवाज कोरलेला असतो, बाहेरच्या भिंतीवर उजवा. म्हणून चकती आधी वजनाच्याच आकड्यावर ठेवा, आपल्या उदाहरणात २ वर. मग द्रुतचा शेवट ऐका. आधी उजव्या स्पीकरमध्ये फाटत असेल तर चकती थोडी वाढवा. डाव्यात फाटत असेल तर कमी करा. बिनखाचेच्या गुळगुळीत तबकडीवर सुई स्थिर राहते का हे बघून चकती लावणारे आहेत. खाच नसताना घर्षण वेगळं असतं, तो आकडा रेकॉर्डवर खरा ठरत नाही.

तपासायला अशी रेकॉर्ड घ्या जी तुम्हाला पाठ आहे. मी आधी शेवटची पाच मिनिटं लावतो. शब्दांतले स, श, च थुंकीसारखे फुटतात का, तानेतला प्रत्येक स्वर सुटा येतो का, हार्मोनियमचा वरचा सूर खरखरतो का. मग सुरुवातीला येऊन तानपुरा. द्रुत स्वच्छ लागली की विलंबित आपोआप सुधारलेली असते.

रेकॉर्ड मळकी असेल तर यातलं काहीच उपयोगी पडणार नाही. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यानं धुतलेली रेकॉर्ड वाळली की खाचेत पांढरी पूड राहते. मी बॅटरीत घालायचं पाणी वापरतो, पेट्रोल पंपावर मिळतं. सुई बारीक ब्रशनं मागून पुढे झाडायची, उलट कधीच नाही. रेकॉर्डी उभ्या ठेवा आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको. आमच्या मे महिन्यात तिथं एलपी पापडासारखी वाकते, मग कुठलंही माप तिला सरळ वाजवू शकत नाही.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांबद्दल लोक विचारतात. त्यांना ही सुई लावूच नका. एलपीच्या सुईचं टोक बारीक असतं, ७८ ची खाच कितीतरी रुंद, सुई तळाच्या कचऱ्यात घासत जाते. त्यांच्यासाठी तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई येते. व्हीएम ९५ च्या त्याच अंगात ती बसते, अंग काढायची गरज नाही, पण वजन ५ ग्रॅमच्या आसपास लागतं. मागचं वजन तेवढं पुढे जातं का ते आधी बघा. आणि ७८ ची तबकडी स्पिरिटनं पुसू नका. ती लाखेची असते. पोकळ दागिन्यात आम्ही लाख भरतो तीच जात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्या घरी आजोबांची एक तबकडी अशीच गेली.

नवी सुई वीस-तीस तास वाजल्यावर तिचं आतलं रबर मोकळं होतं. तेव्हा वजन पुन्हा तोला आणि आर्मची पातळी बघा. ई प्रकारच्या सुईचं आयुष्य कंपनी ३०० तास सांगते. एका एलपीच्या दोन बाजू चाळीस मिनिटं धरल्या तर साधारण साडेचारशे एलपी. त्यानंतर सुई बदला. अंग तेच राहतं, नवी सुई तिथंच सरकून बसते, पण काडीची दिशा तेवढी आरशावर परत पाहून घ्या.

गुरुजींना मी एक वही दिलीय. एक एलपी वाजली की एक उभी रेघ, पाचवी आडवी. गेल्या आठवड्यात ते कानातले दुरुस्तीला घेऊन आले तेव्हा वही पिशवीत होती. एकशे बारा रेघा झाल्यात.